दगड बोलतो... पण कुणाशी?

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये पत्ता विचारलात, तर लोक तुम्हाला दोन आकडे सांगतात. अमुक क्रॉस, तमुक मेन. बस्स! त्या दोन आकड्यांवर रिक्षावाला थेट फाटकाशी नेऊन सोडतो. 'मारुतीच्या पुढे, पिठाच्या गिरणीच्या अलीकडे' अशा खुणांवर पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माझ्यासारखीला याचं अजूनही अप्रूप वाटतं. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग आला, जुन्या पेठेतली माणसं मोकळ्या हवेसाठी बाहेर पडली आणि ही आखीव वस्ती भरत गेली. रस्त्यांना मात्र नावं दिली ती झाडांची. संपिगे रोड म्हणजे सोनचाफ्याचा रस्ता आणि मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन इथे आली, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. सासर तंजावरी मराठी. म्हणजे ज्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले, तिथेच राहिले आणि घरात मराठीच बोलत राहिले, ती मंडळी. बहिणीच्या सासूबाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. वय ब्याऐंशी. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला निम्मीच कळली होती. शब्द ओळखीचे, पण चाल तमिळची आणि मधेच एखादा असा जुना शब्द की पोथीतून उठून आल्यासारखा! त्यांना देवनागरी वाचता येत नाही. तमिळ येतं आणि साठ वर्षांच्या मल्लेश्वरममधल्या संसारात शिकलेलं कानडीही छान येतं. (त्यांचं बोलणं इथे मी आपल्या मराठीत लिहिते आहे. ती गोडी त्यात उतरणार नाही, त्याला इलाज नाही.)

गेल्या खेपेला मी अम्मांना शब्द दिला होता की, पुढच्या वेळी आले की आपण दोघी कस्तुरबा रोडवरच्या सरकारी संग्रहालयातला आटकूरचा दगड बघायला जाऊ. हा दगड दहाव्या शतकातला, मंड्या जिल्ह्यातला. गंग राजा बुतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. तक्कोलमच्या लढाईत त्यानं पराक्रम केला. राजा म्हणाला, काय हवं ते माग. त्यानं राजाचा आवडता शिकारी कुत्रा मागितला. पुढे तो कुत्रा एका रानडुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. त्या कुत्र्याच्या नावे हा दगड उभा केला. अम्मांना मी ही गोष्ट अर्धवटच सांगितली होती. 'उरलेली तिथे उभं राहून सांगते,' म्हटलं होतं.

यंदा गेले, तर अम्मांचे गुडघे पार गेलेले. खोलीतून अंगणात आणि अंगणातून खोलीत, इतकाच प्रवास. मी शब्द दिला होता हे त्या विसरल्या असतील असं वाटलं होतं. कुठल्या विसरायला! पहिल्या दिवशी कॉफीचा पेला हातात देताना त्यांनी विचारलं, "कुत्रा कधी बघायचा?"

नववीतली भाची म्हणाली, "मावशी, अज्जीला न्यायचं कशाला? म्युझियमच घरी आणू या की!"

आणि तिनं लॅपटॉप उघडला.

आता हे 'घरी येणारं म्युझियम' काही कालचं नाही. गूगलनं २०११ मध्ये सतरा मोठ्या संग्रहालयांची दालनं संगणकावर आणली तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला होता. आपल्या सरकारनं २०१४ मध्ये देशातल्या दहा संग्रहालयांच्या वस्तू एका ठिकाणी पाहता याव्यात अशी सोय केली. त्यासाठीची 'जतन' नावाची प्रणाली बनवली ती आपल्या पुण्याच्या सी-डॅकनं. त्या दहांमध्ये बंगळूरची राष्ट्रीय आधुनिक कला दीर्घाही होती. मग २०२० चं ते कोरोनाचं वर्ष आलं. युनेस्कोच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या जवळजवळ नव्वद टक्के संग्रहालयांना दारं लावून घ्यावी लागली. बंगळूरच्या 'म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी'नं तर उलटाच क्रम लावला. डिसेंबर २०२० मध्ये आधी संगणकावर उद्घाटन केलं आणि विटामातीच्या इमारतीचं दार उघडलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये!

म्हणजे वस्तू पुष्कळ आहेत, सोयी पुष्कळ आहेत. पण त्या बघणाऱ्याच्या घरात उतरतात का, हे कुणी बघायचं? मी ठरवलं, आपण बघू. मुक्काम आठ दिवसांचा होता. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर हा खेळ. प्रेक्षक तीन: अम्मा, भाची आणि ऑफिसातून दमून आलेले मेहुणे. मी शंभर पानी वही घेऊन कोपऱ्यात.

शाळेत बत्तीस वर्षं शिकवल्याचा एक फायदा असा की, 'कळलं का?' असं विचारून काही कळत नाही हे मला पक्कं माहीत आहे. सगळी मुलं 'हो' म्हणतात. तसंच 'कसं वाटलं?' विचारलं की सगळी माणसं 'छान' म्हणतात. पाहुण्यांकडच्या शिऱ्यासारखं! म्हणून मी ते विचारलंच नाही. तीनच गोष्टी टिपायच्या ठरवल्या. माणूस कुठे थांबला, त्यानं आपणहून काय विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला काय आठवलं.

पहिल्या संध्याकाळी अर्थातच आटकूर. भाचीनं एका ठिकाणी दगडाचं छायाचित्र शोधून काढलं. खाली इंग्रजीत तीन ओळी होत्या, शतक, घराणं आणि ठिकाण. तिनं अम्मांना उलगडून सांगितलं. अम्मांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुत्र्याचं नाव काय?"

तीन ओळींत नाव नव्हतं. ज्याच्यासाठी दगड कोरला, त्याचंच नाव नाही! भाचीनं आणखी चार ठिकाणी शोधलं तेव्हा सापडलं. काळी. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत नोंद झाली ती अशी: भाचीला आठवलं 'दहावं शतक', मेहुण्यांना आठवलं 'गंग', आणि अम्मांना 'काळी', शिवाय राजानं तिला देताना मनातून कसं वाटून घेतलं असेल ही शंका.

माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी चमकलं. कॉलेजात असताना ॲरिस्टॉटलचं वक्तृत्वशास्त्र होतं अभ्यासाला. तो म्हणतो, समोरच्याला पटवायचं तर तीन गोष्टी लागतात. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या मनाला भिडणं आणि मुद्द्यातली सरळ जुळणी. आपल्याकडे हे ग्रीकांकडून शिकायची गरज नव्हती म्हणा. नारदीय कीर्तनकाराला बघा! पूर्वरंगात निरूपण, म्हणजे मुद्दा. उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. आणि सबंध वेळ त्याची नजर श्रोत्यांवर. मागच्या रांगेतली आजी पेंगायला लागली की बुवा झांज वाजवून भजन धरतात!

हे मी अम्मांना सांगायला गेले तर त्या हसल्याच. आमच्या मराठी कीर्तनाची वाट तंजावरला त्यांच्या गावातूनच तर पुढे गेली. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवा तंजावरला आले, त्यांचं कीर्तन ऐकून तिथल्या कृष्ण भागवतरांनी आपली हरिकथा घडवली आणि तमिळ मुलखात ती रुजली. अम्मांनी लहानपणी रात्र-रात्र हरिकथा ऐकलेल्या. त्या म्हणाल्या, "कथा सांगणारा आमच्याकडे बघून सांगायचा. हा तुमचा डबा कुणाकडे बघून सांगतो?"

वहीत मी तो प्रश्न जसाच्या तसा उतरवला. सबंध आठ दिवसांत याहून चांगली कसोटी मला सुचली नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी आम्ही परदेशातल्या, देशातल्या चार-पाच संग्रहालयांतून 'फिरलो'. बाण दाबला की पुढचं दालन. मेहुण्यांना मजा वाटली, कारण पार्किंग शोधायचं नव्हतं. अम्मा मात्र दहा मिनिटांत अस्वस्थ. "सगळी माणसं कुठे गेली?" खरंच की! त्या चित्रांत एकही माणूस नसतो. ना पहारेकरी, ना काचेला नाक लावलेलं पोर, ना कोपऱ्यात पाय चोळत बसलेली बाई. झाडूनपुसून चकचकीत केलेलं ते दालन बघून मला वाटलं होतं शांत, त्यांना वाटलं ओसाड. न बोलता ते दालन एक गोष्ट सांगत असतं. इथे तू नाहीस, तुझ्यासारखं कुणीच नाही.

आणि भाषा! एका मोठ्या संग्रहालयाच्या फेरीत ध्वनिमुद्रित निवेदन होतं. आवाज भारदस्त, इंग्रजी सफाईचं. पत म्हणाल तर पुरेपूर. मेहुणे म्हणाले, "हा आवाज मला माझ्या साहेबांची आठवण करून देतो." पाच मिनिटांनी ते फोन बघायला लागले होते. मी घड्याळात वेळ टिपली.

हे घड्याळ लावून बघणं माझ्या डोक्यातलं नव्हे बरं का. १९२८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं संग्रहालयात येणाऱ्यांच्या वागण्यावर पुस्तकच काढलं. माणूस एकेका चित्रापाशी किती सेकंद थांबतो, हे त्यानं लपूनछपून मोजलं होतं. त्याच्याही आधी १९१६ मध्ये बॉस्टनच्या गिलमननं एका माणसाला कपाटांतल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो घेतले. कुठे कमरेत वाकलेला, कुठे मान मुरडलेली, कुठे जवळजवळ रांगणारा! 'संग्रहालयाचा शीण' हा शब्द त्यानं रूढ केला. दोघांचाही मुद्दा एकच होता. माणूस दमला, कंटाळला तर दोष त्याचा नाही, मांडणाऱ्याचा. पडद्यावरच्या संग्रहालयात कंबर दुखत नाही, पण शीण येतोच. फक्त तो डोळ्यांत आणि अंगठ्यात येतो. आणि तिथून उठून जायला दारही शोधावं लागत नाही, एक बोट पुरतं.

चौथ्या संध्याकाळी मात्र रंग बदलला. बंगळुरात मिथिक सोसायटी नावाची १९०९ सालची जुनी संस्था आहे. तिनं २०२१ पासून बंगळूर परिसरातल्या शिलालेखांचं त्रिमिती स्कॅनिंग हाती घेतलं. म्हणजे दगडाचा नुसता फोटो नव्हे, तर त्याचा उंचसखलपणा टिपणारी प्रतिकृती, संगणकावर हवी तशी फिरवता येणारी. या कामाला निमित्त मोठं दुःखाचं. १९०५ मध्ये बी. एल. राइस यांनी या जिल्ह्यातल्या शिलालेखांचा ग्रंथ छापला. त्यातले कितीतरी दगड पुढच्या शंभर वर्षांत रस्त्याखाली, पायाखाली, कुंपणाच्या भिंतीत गेले. हेब्बाळचा कित्तय्याचा वीरगळ २०१८ मध्ये गटाराच्या खोदकामात सापडला. इसवी सन ७५० च्या सुमाराचा, बंगळूरमधला सगळ्यांत जुना कानडी लेख! गावकऱ्यांनी आणि शिलालेखांच्या वेडानं झपाटलेल्या हौशी मंडळींनी त्याच्यावर मंडप उभारला.

भाचीनं कित्तय्या पडद्यावर आणला. बोटानं फिरवला. तिरपा केल्यावर अक्षरं उठून दिसायला लागली. प्रत्यक्षात दगडापुढे भर दुपारी उभं राहिलं तर ती इतकी दिसत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच शिलालेख वाचता येतो, हे कोरीव लेखांच्या अभ्यासकांचं जुनं गुपित. अम्मा पुढे सरकल्या. आठव्या शतकातलं कानडी त्यांनाच काय, कुणालाही सहज वाचता येणार नाही. पण त्या म्हणाल्या, "थांब, थांब. परत डावीकडे कर." मग एका अक्षरावर बोट ठेवलं. "हे आपलं 'र' तर नाही?" मग मेहुणे पुढे आले. मग तिघांची डोकी एकत्र. पस्तीस मिनिटं! आधीचा विक्रम बाराचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनाही आठवलं की कित्तय्या कुणाशी लढता लढता पडला. रट्टवाडीच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या हल्ल्यात. "म्हणजे तुमच्या बाजूचेच की!" भाचीनं मला सुनावलं.

का झालं असं? मला वाटतं, इथे कुणी अम्मांना 'हे बघा, हे थोर आहे' असं सांगत नव्हतं. दगड त्यांच्या हातात दिला होता. त्या फिरव म्हणाल्या की तो फिरत होता. शिवाय भाची शेजारी होती, तिला अडवता येत होतं, चुकली तर हसता येत होतं.

जुन्या लोकांना ही जाण आपल्यापेक्षा जास्त होती. आपल्या कोकणात, देशावर गधेगाळ आढळतात. दानपत्राचा दगड, वर सूर्य-चंद्र, खाली एक अतिशय शिवराळ चित्र! सूर्य-चंद्र म्हणजे आकाशात ते आहेत तोवर हे दान चालेल. आणि चित्र म्हणजे जो हे मोडील त्याला मिळणारी गाळ. मधला मजकूर वाचता येणारे गावात असतील दोघं-तिघं. पण दगड सगळ्या गावाशी बोलत होता. न वाचता येणाऱ्याला त्यानं बाहेर उभं केलं नाही. आज आपण पडद्यावर सुंदर अक्षरात तीनशे शब्द लिहितो आणि अम्मांसारखी बाई, जिला दोन लिप्या येतात, तिला अडाणी ठरवून मोकळे होतो.

एका संध्याकाळी अम्मांना घरी ठेवून आम्ही तिघं कस्तुरबा रोडवरच्या त्या नव्या संग्रहालयात जाऊन आलो. तिथे हुसेन यांची बोलकी डिजिटल प्रतिमा केलेली आहे. प्रश्न विचारा, चित्रकार उत्तर देतात. आपल्या पंढरपुरात जन्मलेला माणूस, २०११ मध्ये लंडनला वारला, आणि इथे बंगळुरात प्रश्नांना उत्तरं देतो आहे! भाची खूश. मला मात्र जरा धास्ती वाटली. उत्तर देणारा खरा नाही हे मोठ्यांना कळतं, लहानांना ते किती काळ लक्षात राहील? पण एक मान्य करायला हवं. तिथे प्रेक्षकाला तोंड आहे, हे गृहीत धरलेलं आहे.

कारण बाकी ठिकाणी प्रेक्षकाच्या तोंडाची सोय म्हणजे काय, तर पाच तारे. 'आपला अनुभव कसा होता?' आणि पुढे रिकामे पाच तारे. पूर्वी संग्रहालयाच्या दारात अभिप्रायवही असायची. तिच्यातही 'फार छान, पुन्हा येऊ' याचीच गर्दी, हे खरं. पण तिच्यात एखादा म्हातारा दोन पानं भरून लिहायचा की, 'तुम्ही ज्याला पानपुडा म्हणता तो आमच्याकडे चंचीबरोबर असायचा'. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचा तर सारा डोलारा अशा माणसांवर उभा राहिला. दिनकर केळकर दारोदार हिंडले. कुणाच्या माळ्यावरचा दिवा, कुणाच्या न्हाणीघरातली वज्री, असं करत वीस हजारांवर वस्तू जमल्या. लोकांना बोलतं केल्याशिवाय ते जमलंच नसतं. पाच ताऱ्यांत ते कसं मावेल?

आणि प्रेक्षकाकडे काय असतं, ते ब्राझीलनं दाखवून दिलं. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. दोनशे वर्षांचा संग्रह, बहुतेक सगळा गेला. तेव्हा तिथल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना हाक दिली की, तुम्ही तिथे कधी गेला असाल तर तुमच्याकडचे फोटो पाठवा. हजारोंनी आले! कुणाच्या सहलीचा फोटो, कुणाच्या पोराच्या मागे चुकून आलेलं कपाट. जे संग्रहालयाजवळ उरलं नव्हतं, ते बघणाऱ्यांच्या घरात निघालं.

सातव्या दिवशी अम्मा म्हणाल्या, "मला काडु मल्लेश्वराला जायचंय."

'काडु' म्हणजे कानडीत रान. रानातला मल्लेश्वर, ज्याच्यावरून या वस्तीला नाव पडलं. आज सभोवती रान नाही, पण आवारात मोठी झाडं आहेत आणि पारावर नागांचे दगड. या देवळाशी आपलं नातं आहे, हे किती मराठी माणसांना ठाऊक असेल? १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. राजे १६६४ मध्ये गेले. त्यांच्यामागे इथला कारभार व्यंकोजीराजांकडे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाकडे. त्यांनाच एकोजी म्हणतात. १६६९ च्या शिलालेखात एकोजीनं मल्लापुरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. पुढे ते तंजावरला गेले, गादी स्थापली आणि १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरच्या वोडेयरांकडे गेलं. अम्मांचे पूर्वज तंजावरला पोहोचले ते या एकोजीच्याच वाटेनं. वंशजांनी दगडाची हौस काही सोडली नाही! तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये सबंध भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. अम्मांनी तो लहानपणी पाहिलेला. वाचता येत नव्हता, म्हणून हात फिरवून पाहिलेला.

रिक्षा थेट दारापर्यंत आली. पण देऊळ उंचावर, आणि पुढे पायऱ्या. अम्मांनी पायऱ्यांकडे बघितलं, गुडघ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. मी इथे बसते."

बहीण त्यांच्याजवळ थांबली. मी आणि भाची वर गेलो. आणि भाचीनं काय करावं? तिनं खिशातून फोन काढला आणि बहिणीच्या फोनवर चित्रासकट कॉल लावला. "अज्जी, दिसतंय का?"

"उन्हात काही दिसत नाही. हात धर वरून."

तिनं दगडावर ओढणीची सावली धरली. "आता?"

"आता दिसतंय. हळू! पळते कुठे एवढी? वरून सुरू कर."

मग वीस मिनिटं खालून हुकूम आणि वर फोन. डावीकडे घे. जवळ जा. तो डाग कसला, कुंकू का? पुजारी कोण आहे आता, त्याला दाखव. पुजाऱ्यांनी फोनमध्ये डोकावून नमस्कार केला, आणि अम्मांनी त्यांच्या आजोबांची चौकशी केली! मधेच एका बाईनं विचारलं, काय बघता? भाचीनं सांगितलं. बाई म्हणाली, मी रोज येते, मला माहीतच नव्हतं. तीही थांबली. मी वही घरी विसरले होते. टिपायचं सोडून नुसतं बघत उभी राहिले.

खाली आलो तर अम्मा समोरच्या नंदीतीर्थाकडे बघत बसलेल्या. तुम्ही गेलात तर हे चुकवू नका. रस्त्याच्या पातळीखाली उतरून जायचं, मधे पुष्करणी, आणि नंदीच्या मुखातून लिंगावर पडणारी पाण्याची धार. हे सगळं मातीखाली गाडलेलं होतं. १९९७ मध्ये खोदकाम झालं तेव्हा ते उजेडात आलं.

"तिथे मोकळं मैदान होतं," अम्मा म्हणाल्या. "मी इथे नवी आले तेव्हा. वरून चालत जायचो आम्ही. माझा मोठा तिथे चालायला शिकला."

नंदीच्या डोक्यावर! मेहुण्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. भाचीनं तर नाहीच नाही. घरी येऊन तिनं या भागाची माहिती देणारं एक पान उघडलं. त्यात खोदकाम होतं, वर्ष होतं, वास्तुशैली होती. मैदान दोन शब्दांत आटोपलं होतं. खाली अभिप्रायाची चौकट होती. दोनशे अक्षरांची मर्यादा, आणि वर ते पाच तारे. भाचीनं लिहायला घेतलं, तर 'माझी आजी सांगते की' इथवर येईतो पन्नास अक्षरं खलास!

"अज्जी, थोडक्यात सांग ना."

"थोडक्यात कसं सांगू? गुलमोहर कुठे होता ते सांगायला नको?"

मग ती चौकट बंद झाली. भाचीनं फोन अम्मांच्या पुढ्यात उभा करून ठेवला, पाण्याच्या तांब्याला टेकवून, आणि मुद्रण सुरू केलं. अम्मांनी पदर सारखा केला. आधी तांब्याकडे बघून बोलायला लागल्या, मग चुळबुळल्या आणि म्हणाल्या, "तू समोर येऊन बस. तुझ्याकडे बघून सांगते."

ती बसली. मी आत कॉफी टाकायला गेले, पण दूध उतू जाईपर्यंत दारातच उभी होते. गुलमोहर उजव्या हाताला होता, गंगम्माच्या देवळाच्या बाजूला. त्याच्याखाली एक म्हातारा शेंगा विकायचा...